दादा, घेऊ की थांबू?

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनीला वेगळा नमस्कार, आणि तो तिला वेगळा सांग, कारण तुझ्यामार्फत पाठवलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही असा आजवरचा अनुभव आहे. तुझी पाठ कशी आहे? खुर्ची बदललीस का? (बदलली नसणार. पुढच्या वर्षी जास्त चांगल्या खुर्च्या येणार असतील.) आम्ही सगळे मजेत आहोत. फोन सोडून पत्र लिहितेय याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर मी नुसतं ‘कॉम्प्युटर’ म्हटलं की तू बोलायला लागतोस आणि इकडे माझी भाजी करपते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

तर विषय तोच. नवीन कॉम्प्युटर आत्ता घ्यावा की थांबावं? आपल्या घरात कॉम्प्युटर सहसा कुणी विकत घेत नाही हे मला मान्य आहे. तो वरून खाली येतो, थोरल्या भावाच्या शर्टासारखा. तू नवा घ्यायचास, तुझा जुना माझ्याकडे यायचा, माझा जुना आईकडे जायचा आणि आईचा माळ्यावर. इतकी वर्षं झकास चाललं होतं. मग तू “जरा थांबू, याहून चांगला येतोय” म्हणून थांबलास, तू थांबलास म्हणून मी थांबले, आणि मी थांबले म्हणून आई थांबली. आईचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लावतो की ती बटण दाबून आंघोळीला जाते. येते, केस विंचरते, तेव्हा कुठे पत्त्यांचा डाव उघडतो. पण तिची तक्रार नाही. “दादाने काही तरी विचार केला असेल,” म्हणते. (माझ्या बाबतीत ती असं कधीच म्हणत नाही, हे जाता जाता.)

आता माझं ऐक. साहेबांचं ऑफिस सोडून मी घरूनच नकाशे काढायला लागले हे तुला माहीत आहेच. बालवाडीच्या नव्या इमारतीचा नकाशा हे माझं एकटीचं पहिलं काम. नकाशावर खाली माझं नाव, साहेबांचं नाही. हे काम हातचं गेलं तर मला पुन्हा साहेबांच्या दारात उभं राहून, दाराजवळच्या त्याच टेबलावर बसून, दुसऱ्यांच्या नकाशांवर बाण काढावे लागणार. साहेब काही बोलणार नाहीत. नुसते हसतील. ते हसणं डोळ्यांपुढे आलं तरी माझी झोप उडते.

आणि हे काम करायचं कशावर, तर तुझ्या त्या लाडक्या डब्यावर. तो तापतो. तापला की रुसतो. तेव्हा त्याला आडवा निजवून टेबलफॅन लावायचा हा उपाय मीच शोधून काढला. त्याला वारं सोसतं, आम्हाला सोसत नाही, त्यामुळे त्या खोलीत मी स्वेटर घालून बसते. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वाट्या, डाव, किसणी असं मिळेल ते ठेवलेलं असतं. आमचे हे जेवायला बसले की वाटी शोधत खोलीत येतात आणि उचलतात नेमकी तळमजल्याच्या नकाशावरची. दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने तो उघडलासुद्धा नाही, पाठीवर थाप मारली आणि “अजून वर्षभर कुठे जात नाही” म्हणाला. खरंच आहे, तो कुठेच जात नाही, तीच तर अडचण आहे.

मग यांना विचारलं. चूक झाली. यांचं अख्खं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलंय. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंग बदलत “आधीचं बरं की आत्ताचं बरं?” एवढंच विचारायची सवय. मी विचारलं, घेऊ का? तर म्हणाले, जुन्याने बरं दिसतं की नव्याने? म्हटलं, नवा अजून आणलेला नाही. तर म्हणाले, मग आधी जुनाच पुन्हा एकदा बघ. अशा माणसाशी संसार करतेय. शेवटी मीच तणतणत कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथला विक्रेता गोड आवाजाचा, टाय बांधलेला. म्हटलं, हा तरी विकेल. त्याने मला सगळे कॉम्प्युटर दाखवले, मग मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, “ताई, माझं ऐका, थांबा. याहून चांगला येतोय.” मला क्षणभर वाटलं, तूच टाय बांधून तिथे नोकरीला लागलायस. थांबले मग. काय करणार.

थांबल्याचं फळ लगेच मिळालं. बालवाडीच्या बाईंना नकाशा दाखवायचा होता, त्या सकाळी मी शेवटचा हात फिरवत होते. छान जिना काढला. मुलांना झेपतील अशा बुटक्या पायऱ्या, दोन उंचीचे कठडे, एक मोठ्यांसाठी आणि एक चिमुकल्यांसाठी. जीव ओतला होता त्या जिन्यात. आणि तुझा डबा रुसला. बंद पडला, पुन्हा सुरू झाला, नकाशा उघडला. माझ्या जिवात जीव आला. स्वेटर काढायचंही भान नव्हतं, तशीच छपाईवाल्याकडे धावले, मोठ्या कागदावर नकाशा छापून घेतला, गुंडाळला आणि गेले.

बाईंच्या खोलीत बसायला सगळ्या मुलांच्याच खुर्च्या. गुडघे हनुवटीला लावून आम्ही बसलो, म्हणजे मी, बाई आणि संस्थेचे खजिनदार. (खजिनदार देहाने भरदार. ते बसले की खुर्ची दिसत नाही.) मी नकाशा पसरला आणि तोंड भरून वर्णन करायला लागले. खालचा मजला झाला, वरचा मजला झाला. वर दोन वर्ग, मोठमोठ्या खिडक्या, खिडक्यांत कुंड्यासुद्धा. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. मग त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, मुलांनी वर जायचं कसं?

मी बोट ठेवायला गेले आणि बोट हवेतच राहिलं. जिना नव्हता. कठडे नव्हते, पायरी नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. कुंड्या जागच्या जागी होत्या. दादा, त्या बुटक्या खुर्चीत मला घाम फुटला. आणि अंगात स्वेटर. खजिनदारांनी घसा खाकरला. मला साहेबांचं हसणं ऐकू यायला लागलं.

पण हसल्या त्या बाई. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग डोळे पुसत. त्यांचं हसणं थांबेना. थांबलं तेव्हा त्या खजिनदारांकडे वळून म्हणाल्या, बघा, जिना नाही तर किती बरं वाटतंय. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मुलं मोजण्यात माझा जन्म गेला. वरचा मजला मला कधी हवा होता? तुम्हाला हवा होता, लांबून दिसावा म्हणून. जागा एवढी पडलीय मागे, सगळं खालीच घ्या आणि मध्ये अंगण ठेवा. खजिनदार स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, खरं सांगायचं तर वर चढणं आता मलाही होत नाही. तेवढ्यात ठरलं. सगळे वर्ग खाली, मध्ये अंगण, आणि नकाशा पुन्हा नव्याने काढायचा, मीच. निघताना बाई माझ्या हाताला धरून म्हणाल्या, तुमच्यासारखं धाडस कुणी केलं नसतं. मी मान खाली घालून ते धाडस स्वीकारलं. मला इतका आनंद झाला की रस्ताभर एकटीच हसत होते. एक बाई तर मला वाट देऊन बाजूला झाल्या.

तर आता सगळा नकाशा पहिल्यापासून काढायचाय, आणि तो तुझ्या डब्याकडून होणं शक्य नाही. पुढच्या वेळी तो भिंती विसरेल. म्हणून थोरला भाऊ या नात्याने तुझा सल्ला मागते. घेऊ की थांबू? शांतपणे विचार कर, घाई नाही. घरातल्या सगळ्यांना ज्याचं त्याचं माप बघून नमस्कार आणि आशीर्वाद वाटून टाक.

तुझी,
धाकटी

ता. क. वर सल्ला मागितलाय तो रीत म्हणून. कॉम्प्युटर घेतला. बाईंकडून निघाले ती तडक दुकानात गेले आणि तो टायवाला तोंड उघडायच्या आत “हा द्या” म्हणाले. दादा, काय सांगू, बटण दाबलं की सुरू होतो. अंगण काढून झालं, कडेने झाडंसुद्धा लावली. हे येऊन दारात उभे राहिले आणि न विचारताच “आत्ताचं बरं” म्हणाले. आता तुझ्याकडे खरं काम आहे ते सांगते. आईला कळलं की ती पहिल्यांदा “दादाला विचारलंस का?” म्हणणार. तुला न विचारता घेतला हे तिला अजिबात खपणार नाही. तेव्हा तिचा फोन आला तर ‘मीच घे म्हणालो’ एवढं सांग. तुझा मान राहील, माझी सुटका होईल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. तिने दोन महिन्यांपूर्वीच नवा घेतलाय. कुणालाच विचारलं नाही, बोलली नाही. “दादाला कळवू नकोस, त्याला लागेल,” म्हणाली, “शेजारीपाजारी मी सांगून ठेवलंय, दादानेच घ्यायला लावला.” म्हणजे तू आम्हा दोघींनाही घे म्हणालास, हे नीट लक्षात ठेव. आणि आईने तिचा जुना पुसून, वर कापड घालून तुझ्यासाठी ठेवलाय. मुळात तुझाच तो, म्हणते, थांबतोयस तोवर वापर.