लोटन शाहिराचे घर

गुरुवार, २८ एप्रिल १९२७. तामथडी.

पोचलो एकदाचा! चाळीसगावाहून आठ कोस बैलगाडी आणि डोक्यावर खानदेशचे ऊन. अंगाचे पार भरीत झाले. पण गिरणेच्या वळणावर गढी दिसली आणि शीण कुठल्या कुठे पळाला. लळिंग झाला, थाळनेर झाले, पारोळ्याचा किल्लाही पाहून झाला. माझ्या स्थलवर्णनाच्या पुस्तकात आता हे एकच प्रकरण राहिले आहे, कारण येथे गढीच्या जोडीला एका कवीचे घर आहे. लोटन शाहीर दीडशे वर्षांपूर्वी गढीसमोरच्या दोन खणांत राहिला आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची गाणी रचीत तेथेच मेला. गाणी बायकांच्या तोंडी राहिली, शाहिराचे नाव मात्र गावाबाहेर कोणी घेत नाही.

तेच घर मला राहायला मिळाले आहे. गढीची देखभाल करणाऱ्या कौतिक आबांनी किल्ली दिली. शेजारच्या झुंबरबाई, ज्यांना सारा गाव अक्का म्हणतो, भाकरी करून देणार आहेत. आणि मुख्य गोष्ट, १३ तारखेला सौ. येणार! लग्नाला वर्ष झाले, पण पुण्याच्या घरात आईच्या नजरेआड आम्ही चार शब्द बोललो असू तर शपथ. आता तीन आठवडे घर आमचे दोघांचे. हे प्रकरण मी शाळेच्या सुट्टीसाठी राखून ठेवले ते काही निव्वळ इतिहासाच्या प्रेमाने नव्हे.

रविवार, १ मे.

आज गढीची मापे घेतली. सगळी पांढऱ्या मातीची. चार बुरुजांपैकी तीन ढासळलेले, कारण गावकरी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर घालायला तिथलीच माती नेतात. तिच्यातून पाणी झिरपत नाही म्हणे. माझ्यासारख्याचा जीव तुटतो. चौथा बुरूज मात्र, माझ्या दारापासून वीस पावलांवरचा, जसाच्या तसा उभा आहे. आबा म्हणाले, "त्या बुरुजनी माती कोन्ही लेत नही."

कारण विचारले तर आबांनी बैठक मारून सगळी हकीगत सांगितली. बुरूज तीनदा कोसळला, तेव्हा किल्लेदाराने आपली धाकटी सून त्यात उभी चिणली. ती लोटन शाहिराची बहीण. आखाजीला लेकी माहेरी जातात. हा मुराळी होऊन तिला न्यायला आला, तर सासरच्यांनी सांगितले, उद्या धाडतो. तो समोरच घर बांधून वाट पाहत बसला. म्हणजे मी राहतो ते तिचे माहेर! प्रकरणाला झकास मजकूर मिळाला. वहीत समासात 'दंतकथा' असा शेरा मारून ठेवला. प्रत्येक गढीला अशी एखादी सून असतेच.

बुधवार, ४ मे. आखाजी.

सकाळीच अक्का येऊन माझ्या आढ्याला दोराचा झोका बांधून गेल्या. शाहिराच्या बहिणीसाठी दरवर्षी बांधतात आणि रिकामाच ठेवतात. मी म्हटले, बांधा बापडे, माझ्या सौ.लाही होईल.

धाब्याला चुलीवरच भोक आहे. सौ. यायच्या आत ते बुजवायला हवे, पण आज सणाचा गडी मिळेना. बाया झोक्यावर, बापे पत्त्यांवर. लांबच्या बुरुजापर्यंत कोण पाट्या वाहील? समोरच्याच बुरुजाच्या तीन पाट्या उकरल्या आणि डोक्यावरून आणून भोक लिंपले. गडांच्या रक्षणावर व्याख्याने देणाऱ्या गृहस्थाने गढी खणली, हे पुस्तकात येणार नाही! पाट्या वजनाला फार हलक्या वाटल्या. कोणी हौसेने बरोबर चालत यावे तशा.

शुक्रवार, ६ मे.

अक्कांच्या मायेला तोड नाही. नदीवरून आलो तर माझे सदरे धुऊन वाळत घातलेले, घर सारवलेले, भाकरीवर लोण्याचा गोळा. ओल्या सारवणावर लहानशी पावले उमटली होती. आभार मानायला गेलो तर अक्का म्हणाल्या, मी आज फिरकलेच नाही. बायकांना आभार घ्यायला लाज वाटते.

रविवार, ८ मे.

फणीत हातभर लांब केस निघाला. भर दुपारी पडवीत लिहीत बसलो असता आत झोका करकरला आणि कोणीतरी आखाजीचे गाणे गुणगुणले. आत गेलो. कोणी नाही, झोका मात्र हलत होता.

मघाशी अक्कांनी विचारले, बहीण कधी आली? चोळीला माती लागलेली बाई त्यांनी माझ्या दारात दोनदा पाहिली आहे. मी हसलो. मला बहीण नाही, हे सांगायचे राहून गेले. खरे तर सांगवले नाही.

सोमवार, ९ मे.

तीन पाट्यांची खोबण मी बुरुजात पाडली होती, हातभर खोल. आज मोजली. साडेतीन हात उंच, दीड हात रुंद. आतून गुळगुळीत. माणूस उभे राहील एवढी.

आबांना सगळे सांगून टाकले. ते खालीच बसले. कपाळाला हात लावून म्हणाले, "तुम्ही लयनात तिले, आते तुम्हीच पोचाडा." आखाजीला मी तिला माहेरी आणली, मी तिचा मुराळी झालो. आणली तशी परत पोचवायची. ती नाही गेली तर सासर या घरची सून मागून घेईल. सासरची जागा रिकामी राहत नाही, म्हणतात.

या घरची सून. येत्या शुक्रवारी येते आहे.

मंगळवार, १० मे.

धाबे खरवडून सगळी माती परत नेली. पाट्या उचलवेनात, चार माणसांचे ओझे, ओढतच न्याव्या लागल्या. खोबणीत ओतली, हात जोडले. बाई, जा म्हटले.

जेवून उठतो तो भोक पुन्हा लिंपलेले. मातीवर चार बोटे ओढलेली, बारीक, बायकी. तिला जायचे नाही. इतक्या वर्षांनी माहेर मिळाले आहे, कोण जाईल?

मला तिची दया येते आणि तिची भीती वाटते. पण सौ. इथे येता कामा नये. आत्ताच निघतो, चाळीसगावी जाऊन तार करतो.

बुधवार, ११ मे. चाळीसगाव स्टेशन.

तार केली. 'येऊ नको. पत्र मागाहून.' तारमास्तर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पुण्यात मिळेल. जीव भांड्यात पडला. उद्या जाऊन सामान उचलायचे की संपले.

अंगरख्याचा खिसा कोणीतरी शिवून दिला आहे. पांढऱ्या दोऱ्याने. काल फाटका होता.

१२ मे. दुपार.

सौ. येऊन गेली.

आज सकाळीच. ओळखीची मंडळी निघाली म्हणून एक दिवस आधी— तार पोचण्यापूर्वीच ती गाडीत बसली— मी नदीच्या वाटेने आलो, तिची बैलगाडी माळाच्या वाटेने— चुकामूक झाली.

घरात तिची ट्रंक. दोन ताटे धुऊन पालथी घातलेली. अक्का दारातून कौतुकाने सांगत होत्या, "तुमनी बहीण मोठी गोड शे, मास्तर. वहिनीले पोटभर जेवाडं. दोन्ही जनी गढी देखाले गयात."

खोबण नाही. बुरुजाची भिंत सपाट आहे. माती ओली.

नखे उपटेपर्यंत खणले. आतून काकणे वाजतात. जिवंत आहे ती. माझी वेणू जिवंत आहे. आबा पहार आणि माणसे आणायला धावले, मला धरून इथे घरात बसवून— नुसते बसवत नाही म्हणून लिहितो आहे—

पावले. आबा आले—

आबा नाहीत. उंबऱ्यात ती आहे. वेणूचे जांभळे लुगडे नेसली आहे. एवढीशी पोर, रडते आहे. मला भाऊ म्हणते. "भाऊ, तिले काढू नको. ती निंघनी का माले परत जानं पडी."

डाव्या हाताला बिलगली आहे. सुटत नाही— बाहेर आबा हाक मारताहेत, कुठे खणू विचारताहेत— ओरडायचे आहे, तोंड उघडत नाही— तोंडात माती—

आबा, इथेच, समोर— ऐका, काकणे— अजून वाज