बिदाईचं तिसरं कडवं

१० नोव्हेंबर, रविवार

आलं! सौसरच्या कॉलेजचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला माझं व्याख्यान — अमेरिकन पॉप संगीत, कुठून आलं आणि कुठवर पोचलं. पत्रात माझ्या नावापुढे 'संगीत अभ्यासक' लिहिलंय. पांढुर्ण्यात रेडिओ-टेप दुरुस्त करण्यात पस्तीस वर्षं गेली, आता म्हणे अभ्यासक! बरोबरच आहे म्हणा. नागपूर ते इटारसी या अख्ख्या लाईनवर या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा कोणी असेल तर त्यानं समोर यावं.

सुशीला म्हणाली, नऊ डिसेंबरला पोरीचं लग्न अन् तुमाले भाषण सुचून राहिलं. लग्नाचं काय राहिलंय? लॉन ठरलं, आचारी ठरला, बँड तर घरचाच. वरुडची माणसं चांगली आहेत. नवरामुलगा हर्षल एकुलता एक, संत्र्याची बाग, स्वभावानं गरीब. आता आपण फक्त वेळेवर हजर राहायचं.

१२ नोव्हेंबर

हिमानीचं नेमणुकीचं पत्र आलं. भोपाळच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स! सोळा डिसेंबरला रुजू व्हायचं आहे. तिनं ते पत्र माझ्या सोल्डरिंगच्या टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. मी लगेच वरुडला फोन लावला. हर्षलचे वडील अगदी गोड बोलले — आमच्या घरच्या सुना नोकरी नाही करत, अन् भोपाळ तं लयच दूर झालं.

मी हिमानीला सांगितलं, लग्न होऊ दे, मग मी बोलतो त्यांच्याशी, जमेल सगळं. तिनं पत्राची घडी घातली आणि आत गेली. वाद घातला नाही. शहाणी पोर आहे.

१५ नोव्हेंबर

आज माझा जुना मित्र, बँडवाला शालिकराम दुकानात येऊन बसला. लग्नात कुठं काय वाजवायचं ती यादी करायला. वरातीत पोरांना हवं ते वाजव म्हटलं. बिदाईचं विचारायची गरजच नव्हती.

ही गोष्ट एकदा लिहून ठेवायलाच हवी. एक्क्याण्णव साली मी नागपूरला सदरमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून एक रेकॉर्ड आणली. कव्हर नाही, लेबल अर्धं फाटलेलं. अमेरिकेतली कोणी बाई गाते, गिटारवर. कोण ते अजून कळलेलं नाही, मोबाईललाही ओळखता आलं नाही. तेव्हा मला इंग्रजी बेताचंच. पण चाल अशी की ऐकताना हातातलं काम थांबतं. मी ती कॅसेटवर उतरवून शालिकरामला दिली. त्यानं क्लॅरिनेटवर बसवली, आणखी सावकाश केली, आणि सावरगावच्या एका लग्नात बिदाईला वाजवली. नवरीची आई, मावश्या, मंडपवाला, सगळे रडले! तेव्हापासून तेहतीस वर्षं पांढुर्ण्यात त्या चालीशिवाय नवरी गाडीत बसत नाही. पुढे सौसरच्या बँडनं उचलली, मग वरुडच्या. लोक तिला 'शालिकरामची बिदाई' म्हणतात. अमेरिका कुठं आणि आमच्या गावची जाम नदी कुठं!

आणि खरी गंमत वेगळीच. हिमानी सातवीत असताना मी तिला गाण्यांवरून इंग्रजी शिकवायचो. एका रविवारी आम्ही दोघं डिक्शनरी घेऊन त्या गाण्याचे शब्द उतरवायला बसलो. बाई म्हणते काय? पहिल्या कडव्यात — तुझ्या घराची चावी टेबलावर ठेवली आहे, जेवण झाकून ठेवलंय, मी चालले. दुसऱ्यात — तुझ्या घरात माझा आवाज बारीक होत होत बंद पडला. तिसऱ्यात ती बापाला सांगते — बाबा, दार लोटून ठेव, कडी लावू नको, मी घरी येते आहे.

नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बाईचं गाणं! आणि आम्ही त्यावर शेकडो पोरी सासरी धाडल्या! हसून हसून आमची पोटं दुखली. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतली. शालिकरामलाही नाही. बिचाऱ्याचं नाव आहे त्या चालीवर.

शालिकराम उठला तेवढ्यात हिमानी बाहेर आली. म्हणाली, "बाबा, माह्या बिदाईले तेच वाजवा. अन् पुरं वाजवा, तिसऱ्या कडव्यापर्यंत." मला इतकं हसू आलं! अख्ख्या गावात ही गंमत कळणारी दोनच माणसं, आणि त्यातली एक स्वतः नवरी! शालिकराम आमच्याकडे बघतच राहिला.

१९ नोव्हेंबर

व्याख्यानाची टिपणं चालू आहेत. गाणं तीन मिनिटांचंच का? कारण जुन्या तबकडीवर तेवढंच मावायचं. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही गेली, तरी तीन मिनिटं राहिली. आता तीही चालली. आताचं गाणं सव्वादोन मिनिटांत आटपतं, आणि सुरुवात रेंगाळली तर ऐकणारा बोटानं पुढे ढकलतो. पोरांना हे सांगितलं की बघा कशी गप्प होतात.

२२ नोव्हेंबर

साड्या घ्यायला सुशीला एकटीच गेली. हिमानीचं डोकं दुखत होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शालिकरामनं बँडची रिहर्सल आमच्याच अंगणात ठेवली. अकरा माणसं, नवे लाल कोट. बिदाई सुरू झाली तशी सुशीला पदर तोंडाला लावून आत पळाली. हिमानी मात्र खांबाला टेकून ऐकत होती, डोळ्यांत टिपूस नाही. शालिकरामला म्हणाली, काका, शेवटचा भाग पुन्हा. त्यानं वाजवला. ती म्हणाली, पुन्हा. तीनदा वाजवून घेतला. मग माझ्याकडे वळली. "बाबा, तिसऱ्या कडव्याचे शब्द तुमाले आठवते न?"

आठवतात म्हणजे? मी तिथंच उभ्या उभ्या इंग्रजीत अख्खं कडवं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. बँडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. हिमानी बँडवाल्यांच्या ताट-वाट्या उचलून आत गेली.

पंचावन्नाव्या वर्षी ही स्मरणशक्ती! आज फार बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

झालं व्याख्यान. आणि काय झालं!

हॉल भरलेला. दीडशे पोरं-पोरी तरी असतील. मी कापसापासून सुरुवात केली. म्हटलं, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी कापूस आहे? अर्धे हात वर. म्हटलं, मग हे संगीत तुम्हाला परकं नाही. कापूस वेचायला लावलेल्या गुलाम माणसांनी शेतात जे सूर धरले, तिथून याचं मूळ आहे. तेच सूर चर्चमध्ये गेले, तिथून बाहेर आले, देवाच्या जागी प्रियकर आला, आणि लोकांनी त्या गाण्यांना नवं नाव दिलं. मग गोऱ्या पोरांनी उचललं, कंपन्यांनी विकलं. मग डिस्को. मग न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या गरीब पोरांनी बापाच्या जुन्या तबकड्या फिरवून त्यावर बोलायला सुरुवात केली. मोबाईलवरून एकेक तुकडा ऐकवत गेलो. तुमच्या गणपतीच्या डीजेचा छातीत वाजणारा ठोका आहे ना, तो त्या गल्लीतून इथवर चालत आला — टाळ्या! माझं एक मत मी ठासून सांगितलं : अमेरिकेनं जगाला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट तिच्या सगळ्यात पिचलेल्या माणसांनी दिली. प्राचार्यही मान हलवत होते.

शेवटी रंगात येऊन शपथ मोडली. बिदाईच्या चालीची गोष्ट सांगितली, तिन्ही कडव्यांचा अर्थ सांगितला. हॉल कोसळला हसून! दोन शिक्षिका एकमेकींकडे बघू लागल्या, दोघींच्याही लग्नात तीच वाजली होती.

मग करुणा नावाची एक पोरगी उभी राहिली. बी.ए.ची, बारीकशी. "सर, याचा अर्थ कोणत्याच नवरीले माहीत नव्हता का?" मी म्हटलं, एकीला आहे, माझ्या मुलीला, पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं. ती म्हणाली, "मंग तिच्यासाठी दुसरं काही वाजवान ना, सर?" मी हसत सांगितलं, नाही, तिनं स्वतःच तेच मागितलं, आणि पूर्ण. सगळे पुन्हा हसले. करुणा हसली नाही. खाली बसली.

परतीच्या बसमध्ये शाल मांडीवर होती, नारळ हातात. इतकं छान व्याख्यान झालं. आणि मला राहून राहून त्या पोरीचं न हसणं आठवत होतं.

२९ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडलं नाही. ती रेकॉर्ड लावली. तिसरं कडवं संपलं तेव्हा हिमानी दारात उभी होती. मी विचारलं, बेटा, तू मला काही सांगत होतीस का?

ती म्हणाली, "पंधरा दिवसांपासून तेच तं सांगून राहिली, बाबा. जाऊन वापस येण्यापेक्षा मी जातच नाही न."

वरुडला फोन मीच केला. मग शालिकरामकडे गेलो. नऊ तारखेला येऊ नको म्हटलं. पंधराला पांढुर्णा स्टेशनवर ये, भोपाळच्या गाडीच्या वेळेला. क्लॅरिनेट घेऊन ये.