बुरशी लागलेलं धान

माय, घर पुन्हा उभं राहिलं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. वैनगंगा यंदा आपल्या ओसरीपर्यंत चढली होती. मागची भिंत पडली, ती नव्यानं बांधून झाली, पत्रेही चढले. पण मला लिहायचंय ते धानाबद्दल.

धान साठवायची बांबूची ढोली खालून भिजली होती. गाळ उपसता उपसता तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि उघडली तेव्हा उन्हाळी धानावर पांढरी-हिरवी बुरशी. तुझ्या सुनेनं ते वाळवलं आणि सूप घेऊन अंगणात बसली. मी घरी येतो तर ही तोंडाला दुपट्टा बांधून पाखडते आहे, आणि अंगणभर धूळ उडते आहे. मला ती दिसलीच नाही, तू दिसलीस. आधीच्या पुरानंतर तूही अशीच बसली होतीस. फेकून देऊ म्हटलं तर सूप माझ्यावर उगारलंस. "धान फेकाच्या गोष्टी करून राहिला? भूक पाह्यली का तुनं कधी?" धान वाचलं, पण खोकला तुला चिकटला तो कायमचा. बुरशीची धूळ छातीत गेली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पुढे पुढे तर चुलीपासून दारापर्यंत यायलाही तुला भिंत धरावी लागायची.

हिलाही त्याच संध्याकाळी खोकला लागला, छाती भरून आली. दुसऱ्या दिवशी एसटीनं भंडाऱ्याला नेलं. छातीचा फोटो काढून आत बोलावेपर्यंत मी किती देवांना हाका मारल्या, ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, पण ही धूळ पुन्हा नको. दुपट्ट्यानं ती अडत नाही. बुरसलेलं काही हलवायचंच झालं तर आधी ओलं करा आणि चांगला मास्क लावा. परतीच्या बसमध्ये मी उगाचच हसत होतो. ही म्हणाली, "लोक पाहून राहिले ना!"

आणि घरी येऊन बाईसाहेबांनी पुन्हा सूप उचललं. "फेकलं त पाप लागते. तुमच्या मायनंच शिकवलं मले." आता बोला! तुझीच शिष्या ती, माझं कशाला ऐकेल? मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मायनंच मले सांगतलं होतं, खराब धान फेकून देजो, सुनेले पाखडू नको देजो."

"कधी?"

"जाच्या आदल्या दिवशी."

तिनं सूप खाली ठेवलं, ढिगावर पाणी मारलं, मास्क लावला. टोपल्या भरभरून आम्ही ते परसातल्या खड्ड्यात नेलं आणि वरून माती ओढली. शेवटची टोपली रिकामी करून ती म्हणाली, "त्या दिवशी मायच्या तोंडातून शब्द निंगत नोता. मीच होती बाजूले." आणि हात धुवायला गेली.

आता तिचा खोकला गेलाय. दुपारची ओसरीत झोपली आहे, आणि मी शेजारी बसून हे लिहितोय. श्वास अगदी सरळ चाललाय, घरघर नाही, काही नाही. छातीवरचा धोंडा उतरला, माय. हे पत्र कुठं धाडायचं नाही, तिलाही दाखवायचं नाही. तुझ्या नावावर खोटं बोललो खरा. पण आता ते वाक्य मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं.