डोळ्यातलं तांबं

८ जानेवारी २०२५, पूर्णा

सुट्टी कसली! लॅपटॉप उघडला की आई सुरू — "हितं बी तेच का?" हैदराबादच्या प्रयोगशाळेतलं माझं प्रथिन तिला दाखवलं. रंगीत फितींचा नुसता गुंता. यकृतातलं जास्तीचं तांबं बाहेर टाकायचं, एवढंच याचं काम. त्याची घडी नेमकी कुठे बिघडली की तांबं अडतं, ते मी शोधते. आई म्हणाली, "जिलबी हाय की!"

शिवकांतच्या हातून पुन्हा चहा सांडला. अक्षरही पार बिघडलंय. माझा धाकटा भाऊ — सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि गल्लीत म्हणतात, पोरगं पिऊन असतंय! इतका राग आला.

९ जानेवारी

तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आई त्याला रोज सकाळी पाजते. "हाताला बळ येतंय, रुद्राणी. तू बी पी."

प्यायले. घोट तोंडात असतानाच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थरथर. तांबं. अगं मूर्ख, याच रोगावर तर काम करतेस!

साठलेलं तांबं डोळ्यांतही उतरतं. शिवकांतला अंगणात उजेडात नेलं. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं — की भास? काळ्या डोळ्यांत धड दिसत नाही. "अक्का, काय बघायलीस?" परभणीला डोळे दाखवून येऊ म्हटलं.

१३ जानेवारी

परभणीच्या डॉक्टरांना भिंगातून तेच कडं दिसलं. विल्सनचा आजार. रक्त-लघवीच्या तपासण्याही तेच सांगतात.

आई रडायला लागली, "म्याच इख पाजलं का गं?" नाही गं आई! पाण्याने भर पडली असेल, पण बिघाड जन्माचा. बिघडलेल्या जनुकाची एक प्रत तिच्याकडून, एक अप्पांकडून; दोन्ही आल्या की आजार. आई म्हणजे अप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी.

औषध आहे, जन्मभर घ्यायचं. शेंगदाणे, तीळ बंद, त्यांतही तांबं असतं. ऐन संक्रांतीत! शिवकांत म्हणाला, "मंग गोड बोलणं बी बंद." लय दिवसांनी हसलो.

सख्खी बहीण म्हणून माझंही रक्त घेतलं. घ्या म्हटलं, मी ठणठणीत आहे.

२ फेब्रुवारी, हैदराबाद

शिवकांतच्या जनुकांचा अहवाल आला. बिघाडाची जागा माझ्या प्रथिनाच्या मॉडेलमध्ये शोधली — तांबं जिथून पुढे सरकतं, त्या वाटेच्या अगदी तोंडाशी! एकच कण बदललाय आणि शेजारची फीत कललीय. दिवसभर फिरवून फिरवून बघितलं. भावाचा आजार, आणि मला कुतूहल वाटतंय! लाज वाटली. तरी बघतच राहिले.

४ फेब्रुवारी

माझाही अहवाल आला. तोच बदल — आईकडचा आणि अप्पांकडचा, दोन्ही. परवा भावाचं म्हणून जे फिरवून बघत होते, ते माझंही.