वीरेंद्रची प्रार्थना

परळ, मुंबई
२५ जानेवारी १९५६

प्रिय सुनंदास,
लीलाताईचा प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नगरला तुझ्या माहेरी थंडी फार असेल. बाबांचा दमा कसा आहे? इथे आठवडाभर संचारबंदी होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकलं आणि सारं लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. शाळा बंद, दूध नाही. खालच्या जाईबाईंनी भाकऱ्या दिल्या म्हणून निभावलं.

इतकं लिहून मी दोनदा उठले. आता लिहितेच. आपला वीरेंद्र गेला.

तार करायला निघाले होते गं, पण पोलिसांनी नाक्यावरूनच परत पाठवलं.

गेल्या आठवड्यात मंगळवारी त्याच्या पोटात गोळी लागली. मोर्च्यात होता की नुसता बघत उभा होता, कुणाला सांगता येत नाही. प्यायला होता का, तेही मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडाचा वास घेतला नाही.

चर्चचे पाळकसाहेब इस्पितळात पोहोचू शकले नाहीत. वीरेंद्र म्हणाला, “ताई, तूच प्रार्थना कर.” मी नेहमीसारखी सुरुवात केली, की प्रभू, याला बरं कर, हा सुधारेल, दारू सोडेल, सुनंदाला नीट वागवेल. त्यानं माझा हात धरला.

“असं काही सांगू नकोस त्याला. मला आता काही करून दाखवता येणार नाही. नुसतं सांग, मी आलोय.”

मग विचारलं, “घेईल ना मला?”

कृपेनं तारण होतं, आपल्या कर्मांनी नाही, हे मी मुलांना रविवारच्या शब्बाथशाळेत कितीदा शिकवलंय. पण मला ‘घेईल’ म्हणवेना, सुनंदा. तुमची शकू तापानं गेली तेव्हा हा गुत्त्यावर होता. तू एकटी तिला मांडीवर घेऊन बसली होतीस. मी बोलून गेले, “इतकं सोपं असतं होय?”

“मला फुकट आहे, ताई. त्याला क्रुसावर महाग पडलं.”

मग मी गुडघे टेकले आणि त्यानं सांगितलं तेवढंच म्हटलं. त्याचा चेहरा निवळला. मी सारा जन्म उपासना चुकवली नाही, पण तसं निवांत मला कधी वाटलं नाही. ते हवं आहे गं मला. फार हवं आहे.

गुरुवारी सकाळी तो गेला. शिवडीच्या कबरस्तानात शकूशेजारी जागा नव्हती, पलीकडच्या रांगेत ठेवलं. तुझ्याबद्दल म्हणाला, “तिला माफ कर म्हणू नकोस. मी तिची आठवण काढत होतो, एवढंच कळव.”

बायकोचं कर्तव्य काय, ते मी नणंद म्हणून आजवर तुला पुष्कळ लिहिलं. आज काहीच लिहीत नाही. त्याच्यासाठी रडू येत नसेल, तरी ये. त्याच्यावरचा राग घेऊन ये. मला तुझ्याशेजारी बसायचं आहे. कारण काही नाही. तू माझी आहेस.

दार नुसतं लोटून ठेवणारी,
तुझी लीलाताई