न ऐकलेली साद

प्रिय पेने,

ब्रिस्बेनला उकाडा फार असेल. उन्हात टोपी घालतोस ना? इथे तुझी वहिनी मेरेआना बरी आहे. माझंच काहीतरी बिनसलंय. ते लिहायला तीन दिवस कागद घेऊन बसतोय.

डिसेंबर सरला तरी यंदा किहिकिही गाईनात. ते झाडाझुडपांत किरकिरणारे बारके हिरवे किडे, आपल्या देशाबाहेर जगात कुठेच नसलेले. आबा नुसत्या आवाजावरून सांगायचे, हा गवतातला, हा नेच्यातला. मला वाटलं, संपले बिचारे. शेजारच्या तिपेनेने कुंपणाकडेला तणनाशक फवारलं होतं, म्हणून त्याला नाही नाही ते बोललो. घरी आलो तर मेरेआना म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, ओरडून ओरडून त्यांनी माझं डोकं उठवलंय! तुझ्याच कानात गवत उगवलंय." मग तिने एक पकडून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचं अंग थरथरत होतं, पेने. आवाज नाही.

डॉक्टर म्हणाला, बारीक, उंच आवाज आधी जातात; कानातलं यंत्र मे महिन्यात मिळेल. किड्यांचाच तर आवाज गेलाय, माणसांचा थोडाच गेलाय, असं मनाला समजावलं.

शनिवारी आपल्या मराएवर, सभाघरासमोरच्या अंगणात, उत्तरेकडचे पाहुणे आले, जमिनीच्या बैठकीसाठी. फाटकातून त्यांच्या बाईने साद घातली. सोबत आपल्या कोणत्या मृतांची आठवण आणली आहे, ते ती सादेतच सांगते. मला नुसता वारा ऐकू आला, शब्द एकही नाही. स्वागताचं भाषण करायला मी वक्त्यांच्या बाकावरून उठलो आणि ऐटीत म्हणालो, "तो ईल-मासेचोर हारावीरा कुठे दडलाय? माझी दोन जाळी परत कर म्हणावं!" कुणी हसलं नाही. त्याला पुरून आठ दिवस झाले होते, आणि बाईने त्याचंच नाव घेतलं होतं. त्याची बायको समोरच बसली होती. माझं वाक्य अर्धवट असतानाच मेरेआना उभी राहिली आणि तिने गाणं सुरू केलं. बोलणारा चुकला की बायका त्याला असं गाऊन खाली बसवतात, ते तुला सांगायला नको. वीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नव्हती.

मार्चमध्ये आपल्या ताईच्या थडग्यावरच्या नव्या दगडाचं कापड काढायचा विधी आहे. तीच माणसं येणार, हारावीराची बायकोही. तिची माफी मागायची आहे, आणि पुन्हा काही भलतंच बोललो तर, या धास्तीने जेवण जात नाही. पेने, एक गोष्ट तुला माहीत नाही. आबा जाताना मला म्हणाले होते, बाकावरच्या माझ्या जागेवर धाकट्याला बसव, जीभ त्याची आहे. मी ते गिळलं. 'तू अजून कच्चा आहेस' म्हणून तुला मागे बसवलं, आणि त्याच वर्षी तू देश सोडलास. हवं तेवढं रागाव, पण मार्चच्या आधी ये. बाकावर तू बस. मी शेजारी बसेन आणि माफीपुरता उभा राहीन. कधी उठायचं, ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून सांग.

तुझाच अपराधी थोरला,
रेवीती