सागवानाचे अकरा ब्लॉक

२ नोव्हेंबर, रविवार

गॅरेजचं शटर बसलं एकदाचं! तीन रविवार खाल्ले त्यानं. स्क्रीनवर ब्लॉक ओढा, सोडा, तो वरच्या गोल बटणांतलं एक बटण बाजूले जाऊन बसते, पुन्हा ओढा. आता शटर वर जाते, खाली येते. शुभांगी म्हणे, "घरातल्या बाथरूमचा दरवाजा चार महिन्यापासून घासून राहिला, तो नाही दिसत तुम्हाले." बायकोचं बरोबर आहे. पण हे लहानपणीचं फायर ब्रिगेड आहे बाप्पा! लाल इमारत, मागं शिडीचा मनोरा, समोर एक गाडी. आई ज्या डॉक्टरीणबाईंकडे पोळ्या करायले जायची, त्यांचा पोट्टा मोठा झाला तेव्हा त्यांनी थैलीभर प्लास्टिकचे जोडायचे ब्लॉक देल्ले होते. त्यातलं हे एकच पुरं बनायचं. पुरं म्हणजे, जवळजवळ.

खरे ब्लॉक केव्हाच गेले. आता कम्प्युटरवर एकेक बसवून पुन्हा बनवून राहिलो. झालं की रेंडर काढीन, म्हणजे हुबेहूब फोटोच. फ्रेम करून बाबांच्या खोलीत लावीन. त्यांनी पाहून म्हणावं, "हो गा, हेच." बस. एवढंच पाहिजे.

५ नोव्हेंबर, बुधवार

वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात आज ट्रकच ट्रक. मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहून बोटं दुखली. डबा खाता खाता मोबाइलवर शोधलं तं फा.ब्रि.ची पूर्ण पार्ट-यादी सापडली! कोण्या देशातल्या कोण्या माणसानं बसून एकेक तुकडा, नंबर, रंग लिहून ठेवला आहे. त्याचं भलं होवो. आपल्या थैलीत जे अकरा तुकडे नव्हतेच, तेही आहेत त्यात.

९ नोव्हेंबर, रविवार

मॉडेल पुरं!!

बाबा सकाळपासून गॅलरीत. बेसाले या फ्लॅटमध्ये राहायले आल्यापासून ती खुर्ची त्यांचीच. समोर बांधकाम चालू आहे, सेंट्रिंगवाल्याचं काम पाहत बसतात. चाळीस वर्षं फर्निचरच्या दुकानात रंधा मारला, आता हात थरथरते. चहा अर्धा ग्लासच द्यावा लागते. वर्ष झालं, अवजारांची पेटी दिवाणाखाली गेली ती गेलीच. त्याच्यावर एक शब्द बोलत नाहीत. शुभांगी न सांगता ग्लास अर्धा भरते अन् दोनदा देते. मी तिले हे कधी म्हटलं नाही, इथं लिहून ठेवतो: तिच्यासारखी तीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रेंडर लावून ड्युटीवर गेलो, तं दुपारी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी. घरी आलो तं सगळं शून्यावर. डोकं असं फिरलं! पुन्हा लावलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रेंडर झालं. काय दिसते! प्लास्टिकची चमक, शिडीची सावली, काचेच्या खिडकीतून आतला पिवळा पाइप. मी स्वतःच पाच मिनिटं पाहत बसलो.

बाबांना दाखवलं. चष्मा लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला. लय वेळ पाहिलं. "चांगलं हाय." मंग बोट स्क्रीनवर फिरवून राहिले. मनोरा, शिडीच्या खाली, शटरच्या वर. म्हणाले, "माहे कुठं हायेत?"

मले समजलंच नाही आधी. मंग समजलं. म्हटलं, "बाबा, तिथं ओरिजिनल टाकले मी."

शब्द तोंडातून गेला अन् जीभ चावली. बाबा म्हणाले, "हव, बराबर." लॅपटॉप परत देल्ला. चहा झाला का विचारलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर डोक्यात तेच. दोन बिल्ट्या चुकवल्या. लिहूनच टाकतो, नाहीतं सुटायचं नाही.

थैलीत अकरा ब्लॉक कमी होते. त्यांच्याबिगर मनोरा उभाच राहायचा नाही. बाबांनी दुकानातून सागवानाचे तुकडे आणले अन् अकराही बनवले. वरची बटणं बांबूच्या गोल काड्यांची, एकेक भोक पाडून बसवलेली. खालून कोरलेले. रंग देल्ला नाही, म्हणे सागवानाले रंग देणं म्हणजे पाप. मी अन् ताई नाचलो होतो त्या दिवशी.

मंग मी पाचवीत. वर्गातला एक पोट्टा घरी खेळायले आला. तो म्हणे, हे काय आहे? मले लाज वाटली. मी उपसून उपसून अकराही काढले, बाबांसमोर ठेवले अन् म्हटलं, "हे नकली आहेत. आम्हाले नाही पाहिजे." मनोरा पडला. बाबांनी तुकडे गोळा केले अन् आत नेले. त्याच्यानंतर बाबांनी आमच्यासाठी एकही खेळणं बनवलं नाही.

अन् मी आता काय केलं? पुन्हा तेच. पुन्हा अकराही उपसून काढले. वय किती झालं माझं! बेचाळीस.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. बाबांचे अकरा परत बसवायचे, लाकडाचेच. अन् माफी मागायची. दुसरं जास्त अवघड आहे.

पण यादीत लाकडी ब्लॉक कुठून असणार? माप तरी कुठं आहे? ताईले काटोलले फोन लावला. म्हटलं, ताई, बाबांचे सागवानाचे ब्लॉक आठवतात का? ती म्हणे, "आठवतात काय म्हणतं? दोन हायेत माह्याजवळ, तेव्हाच उचलले होते. सुई-दोऱ्याच्या डब्यात."

"अजून?"

"मी काहून फेकीन? तूनं फेकले होते."

बसली चपराक. पण डोळ्यात पाणी आलं खुशीनं.

२३ नोव्हेंबर, रविवार

ताई आली! काटोलची बस, हातात पिशवीभर संत्री, पर्समध्ये तो डबा. डब्यात दोन लाकडी, एक लाल प्लास्टिकचा. लाकडी दोनांपैकी एक लांब, आठ बटणांचा. एक बुटका, त्याच्यावर ताईच्या दातांचे निशाण.

बाबांनी लांबवाला नाकाजवळ नेला. वास घेतला. कोपरा टवका उडालेला, तिथं अंगठा फिरवला. मी मोजायले मागतो तं देऊनच नाही राहिले. ताई म्हणे, "बाबा, द्या त्याले, नाहीतं पुन्हा रडल." मंग देल्ला.

मोजलं. केसभर जाड आहे, बटणंही एका रेषेत नाहीत. ताईनं आठवण काढली, पावसाळ्यात लाकूड फुगायचं अन् फा.ब्रि. दिवाळीपर्यंत सुटं व्हायचंच नाही. आई म्हणायची, असू द्या, घरात फायर ब्रिगेड असलेलं बरं. आम्ही तिघंही हसलो. आई असती तं अजून दोन गोष्टी सांगितल्या असत्या.

ताई संध्याकाळच्या बसनं गेली. डबा ठेवून गेली. एवढी वर्षं सांभाळला अन् एका शब्दानं उपकार दाखवला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवा पार्ट कसा बनवतात ते ग्रुपवर विचारलं. (ब्लॉकवाल्यांचा ग्रुप, जगभरचे येडे एका जागी.) पुण्याचा एक जण आहे, सगळ्यांची मॉडेलं तपासते. त्यानं लिहिलं, "यादीबाहेरचा पार्ट वापरला तर मॉडेल चुकीचं धरलं जाईल." मी लिहिलं, "आमच्या घरी हेच बरोबर होतं." अन् खाली पूर्ण गोष्ट लिहिली, पाचवीतली सोडून.

अर्ध्या तासात त्याचा फोन. पाऊण तास बोलला बावा! पार्टची फाइल कशी लिहायची, बटणं वाकडी कशी ठेवायची, सगळं. शेवटी म्हणे, "सरळ नका करू हं काका ती." काका म्हणाला, असो. भला माणूस.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

दोन्ही ब्लॉक बनले. सागवानाचा मोबाइलनं फोटो काढला अन् त्याच रेघा कम्प्युटरवर ब्लॉकले चिकटवल्या. बाबांना दाखवलं. चष्मा लावायच्या आधीच ओरडले, "ह्या रेघा आडव्या काहून गा?"

"म्हणजे?"

"अरे, लांबीच्या रेघा लांबीतच पाहिजे. असं आडवं कापलं तं एका दाबात दोन तुकडे. मी असं कापीन का? चाळीस वर्षं काय भाजी विकली मी?"

वर्षभरात बाबांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. शुभांगी हातात लाटणं घेऊन दारात आली, तिले वाटलं भांडण झालं. बाबांनी पेन्सिल मागितली. पेपरवर ब्लॉक काढला, रेघा काढल्या. हात हलते म्हणून रेघा वाकड्यातिकड्या, पण दिशा एकदम बराबर. मंग सुरूच झाले. बांबूची काडी भोकात बसवायच्या आधी मीठ टाकून गरम केलेल्या वाळूत कशी सुकवायची. भोक किती खोल. खालून कोरताना किती पटाशा बोथट झाल्या. मले हे काहीच माहीत नव्हतं! मी समजत होतो, एका दुपारचं काम असंन.

म्हटलं, किती दिवस लागले होते बाबा?

"दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. जेवणाच्या सुट्टीत एकेक करत होतो." म्हणजे अकरा दिवसांचं जेवण गेलं त्याच्यात. जास्तच, दोन-तीन फुटलेही असतील.

शुभांगी तिथंच उभी. पोळी जळली.

रेघा बदलल्या. माफीचं राहूनच गेलं. तोंडाशी आलं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

बाकीचे नऊ बाबांच्या सांगण्यावरून. त्यांना अकराच्या अकरा पाठ आहेत! "शिडीखाली जोडी. शटरवर एक लांब. मनोऱ्याच्या चार कोपऱ्यात चार." ड्युटीवरून आलो की विचारतात, "आज कोणता?" गॅलरीतली खुर्ची आता टेबलाजवळ आली. सेंट्रिंगवाला बिचारा एकटा.

७ डिसेंबर, रविवार

रेंडर झालं. लाल, पांढरं, पिवळं अन् मधात अकरा सागवानाचे. पहिल्या रेंडरपेक्षा कितीतरी सुंदर. खरंच सांगतो, पहिलं कोणत्याही घरचं होतं, हे आमचं आहे.

पार्टची फाइल ग्रुपच्या यादीत टाकायची तं नाव द्यावं लागते. नावाचा रकाना समोर. बाबा बाजूले संत्रं सोलत बसले होते. म्हटलं, "बाबा, तुमच्या ब्लॉकचं नाव काय लिहू?"

वर पाहिलंही नाही. म्हणाले, "नकली लिव."

हात थांबला माझा.

"तूच म्हणत होता ना," म्हणाले. राग नव्हता. म्हणूनच सोसलं नाही.

म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तेव्हाही अन् आताही."

"चुकलं काय त्याच्यात? नकलीच होते गा." एक फोड हातात घेऊन तशीच धरून बसले. "दुकानात खरे पाह्यले होते मी. खोका हातात घेतला अन् ठेवून देल्ला. तुमाले घेऊन नाही देता आले. लाकडाचे करून देल्ले अन् वाटलं, पोट्ट्यांना समजनार नाही का बापाले परवडलं नाही. तुले समजलं."

म्हणजे तीस वर्षं मी समजत होतो की माझा शब्द लागला. अन् बाबा समजत होते की पोट्टं खरं तेच बोललं.

मी म्हटलं, "बाबा, ते अकरा नसते तं मनोरा उभाच झाला नसता. बाकी सगळं थैलीतच राहिलं असतं. लहानपणी आमच्याजवळ जे होतं ते तुमच्या अकरावर उभं होतं."

बाबांनी ती फोड मले देल्ली. म्हणाले, "बिया काढून खा."

नाव लिहिलं नाही. लॅपटॉप बंद केला.

१० डिसेंबर, बुधवार

पुण्यावाल्याचा मेसेज: पार्ट केव्हा टाकता, नाव काय ठेवलं? लिहिलं, थांबा थोडं.

ताईले फोनवर सगळं सांगितलं. ती मंग म्हणे, "मी म्हणूनच ठेवले होते रे." बाबांचं तोंड तिनं त्याच दिवशी पाहिलं होतं, हे मले आज समजलं.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी उठलो तं दिवाणाखालची पेटी हॉलमध्ये! बाबांनी ओढत आणली, एकट्यानं. आरी, पटाशी, कानस, सगळं पेपरवर मांडलेलं. पटाशीले गंज. शुभांगीनं न विचारता खोबरेल तेलाची बाटली आणून ठेवली.

"लांबवाल्याचा टवका उडाला हाय," बाबा म्हणाले. "दुसरा करू. सागवान आन."

काल गोदामाजवळच्या फर्निचरवाल्यानं पडेल तुकडा देल्ला होता, तो काढून देल्ला. (विचारून आणला होता, असंच. बाबांना सांगितलं नाही.) त्यांनी उलटापालटा करून रेघा पाहिल्या. "हं. बराबर हाय."

आरी धरली तं हात असा हलला की पातं लाकडावर नाचलं. दोनदा. बाबांचं तोंड उतरलं. मी लाकूड दोन्ही हातांनी दाबून धरलं. मंग बाबा म्हणाले, "तुहा हात माह्या हातावर ठेव. जोर नको लावू. फक्त धर."

धरला. थरथर माझ्या हातात आली. हळू हळू कापलं. दुपारपर्यंत एक तुकडा निघाला, एका बाजूनं थोडा तिरपा. बाबांनी फुंकर मारून भुसा उडवला अन् ताईच्या डब्यातला लाल प्लास्टिकचा ब्लॉक बाजूले ठेवून पाहिला. बटणं अजून बसवायची आहेत. खालून कोरायचं आहे. होईल की नाही, माहीत नाही. त्यांनाही नाही.

म्हटलं, "बाबा, तो पुण्यावाला नाव विचारून राहिला."

"आधी त्या लालवर बसते का पाहू," म्हणाले. "मंग नाव."